उगवतीची बाजू

"काढा म्हणजे काढा!" बातमाने प्रूफचा कागद चहाच्या पेल्याशेजारी आपटला.

हिमनदी केंद्राला चाळीस वर्षं झाली म्हणून निघणाऱ्या ग्रंथाचं ते शेवटचं पान होतं. केंद्रात काम केलेल्या सगळ्यांची नावं त्यावर होती आणि पाच नावांभोवती जाड काळी चौकट होती. बिश्केकमध्ये तिचा अर्थ शाळकरी पोरालाही सांगावा लागत नाही. माणूस गेला, एवढाच. पाचवी चौकट जूमार्तच्या नावाला होती, आणि बातमा जूमार्तची बायको.

संपादक म्हणून मेलिसचा हा पहिलाच ग्रंथ. बाराला फाइल छापखान्यात जायची होती, साडेदहा वाजून गेले होते, आणि त्याला कुठून दुर्बुद्धी सुचली म्हणून त्याने वहिनीला प्रूफ बघायला बोलावलं होतं.

"वहिनी, दादा हिमनदीवरून परतला नाही त्याला आता तिसरा हिवाळा लागेल," तो चाचरत म्हणाला. "संचालकांनी स्वतः सांगितलंय, चौकट पाहिजेच. त्याच दिवशी त्याच दोराला बांधलेला सादिर होता. त्याच्या नावाला आहे आणि जूमार्तदादाच्या नाही, असं कसं चालेल?"

"सादिर सापडला. माझा सापडला का? टोपी तरी आणून दाखवलीत? मी अजून त्याचं वर्षाचं जेवण घातलेलं नाही. सासूने घालू दिलं नाही, मीही घातलं नाही. आणि तुम्ही इथे खुर्चीत बसून, बटण दाबून त्याला पुरून मोकळे!"

मेलिसने प्रूफचा कागद पेल्यापासून लांब ओढला.

खिडकीपाशी संगणकावर बसलेल्या जुउराने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या काळापासून अक्षरं जुळवत आलेली बाई ती, सगळ्या कचेरीची एजे, म्हणजे थोरली बहीण. नक्षीच्या एकेका रेघेवर ती अर्धा अर्धा दिवस घालवायची, आणि मेलिस तिला चिडवायचा, "एजे, रेघ ती रेघ. बटण दाबलं की आली." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "आणि कोपऱ्यावर तिला वळवायला तुझा बाप येणार का?"

"बातमा, बस खाली. चहा निवतोय," ती म्हणाली. "मला अर्धा तास दे."

तिने आधी जूमार्तच्या नावाभोवतीची काळी चौकट पुसली. मग मेंढ्याचं एक वळलेलं शिंग काढलं, बायका दाबलेल्या लोकरीच्या नमद्यावर कापून शिवतात तसं. ते उलटवून त्याच्यासमोर दुसरं ठेवलं आणि ती जोडी चौकटीच्या नव्या रेघेला लावली. यंत्राने भराभरा शिंगांची ओळ मांडली, पण शेवटचं शिंग अर्ध्यावर कापून टाकलं.

"तुटलं," मेलिस म्हणाला.

"तुटणारच. यंत्राला काय, जागा संपली की चालव कात्री."

तिने शिंगांना हात लावला नाही. मधल्या जागा केसभर वाढवल्या, पुन्हा केसभर, आणि शेवटचं शिंग अख्खं बसलं. कोपऱ्यावर दोन शिंगं एकमेकांना धडकत होती. तिथे तिने वेगळं एकच शिंग घडवलं, आपसूक वळणारं. कुठे सांधा म्हणून दिसेना. मेलिस घड्याळ बघायचं विसरला. काय हात होता बाईचा! एवढे दिवस आपण हिची थट्टा करत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

उजव्या बाजूला मात्र जुउराने रेघ मधोमध तोडली. दोन्ही टोकांना छोटी वळणं दिली आणि मधली जागा मोकळी ठेवली.

"एजे, ही फट राहिली."

"फट कसली? दार आहे ते. आपल्या तंबूचं दार कुठे असतं?"

"उगवतीला."

"मग? नकाशात उगवत कुठल्या हाताला असते?"

मेलिसने पानाच्या उजव्या कडेकडे पाहिलं. मग म्हणाला, "पण संचालक विचारतील."

"सांग, चौकट पाहिजे म्हणालात, चौकट आहे."

"आणि दार का ठेवलं विचारलं तर?"

जुउराने नुसतं बातमाकडे पाहिलं. बातमा पेला दोन्ही हातांत धरून बसली होती, घोट काही घेतला नव्हता.

"विचारू देत," मेलिस म्हणाला. "त्यांचं मी बघतो." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं.

नवं प्रूफ छपाईयंत्रातून गरम गरम बाहेर आलं. बातमाने ते मांडीवर घेतलं. पाचवं नाव शोधलं आणि रेघेवर बोट ठेवलं. बोट शिंगाशिंगावरून सरकत गेलं, कोपऱ्यावर वळलं, उजव्या बाजूने खाली आलं आणि मोकळ्या जागेपाशी थांबलं. बराच वेळ ते तिथून हललं नाही. मेलिसने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते.

"एजे," ती म्हणाली, "दार अरुंद झालंय."

"अरुंद?"

"तो पाठीवरचं ओझं न उतरवताच आत शिरतो. कितीदा सांगितलं, आधी बाहेर उतरव, मग ये. ऐकतोय कुठला!"

जुउरा पुन्हा संगणकाकडे वळली. तिने वरचं एक शिंग पुसलं, खालचं एक पुसलं, टोकांची वळणं मागे सरकवली आणि मान न वळवताच विचारलं, "आता शिरेल?"