मातीच्या भिंती

२०२१चा जून. रॉटरडॅममध्ये घरून काम करणारी आर्किटेक्ट उत्तरा आपण आखलेलं घर व्हिडिओ कॉलवर पाहत होती. आखातातल्या वाळवंटात, निव्वळ माती, चुना आणि खजुराच्या झावळ्यांनी उभं राहिलेलं. बाहेर अठ्ठेचाळीस अंश, आत एकोणतीस. कॉलवर जोडलेला घरमालक खूश होता, तिचा डच बॉसही.

साइटवरचा सुपरवायझर गुरुनाथ मोबाइल फिरवून खोल्या दाखवत होता. कामगार एकही दिसेना.

"गुरुनाथ, माणसं कुठायत?" तिने मराठीत विचारलं.

"दोघांना कोरोना निघाला, मॅडम. त्यांना दवाखान्यात नेलं. उरलेल्या अठरा जणांना पत्र्याच्या कंटेनरमध्ये कोंडलंय. पाच दिवस झाले. पंखा एकच आहे."

उत्तराच्या डोक्यात तिडीक गेली. "त्यांना आत्ताच्या आत्ता या घरात आणा," तिने मालकाला इंग्रजीत सुनावलं.

"छे! भिंती मळतील."

"मातीच्या भिंती? त्यांनीच पायांनी तुडवलेल्या मातीच्या?" ती ओरडली. "ते आत येईपर्यंत तुमच्या पुढच्या घरांचं एकही ड्रॉइंग माझ्याकडून मिळणार नाही!"

"उत्तरा," बॉस थंडपणे म्हणाला, "तुझा व्हिसा या नोकरीवर आहे."

"माहितीये मला. तरीही नाही."

शुक्रवारी तिची नोकरी गेली. शनिवारी गुरुनाथने फोटो पाठवला. नव्या दिवाणखान्यात अठरा माणसं गाढ झोपली होती. खाली त्याने लिहिलं होतं, "मालकाला विचारलं नाही, मॅडम. कंटेनरची किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्याच खिशात होती."