उजवा हात

विहिरीवर अनसूयेनं दोराला हात घातला, तोच मास्तरांनी मागून येऊन तो हळूच काढून घेतला. "तू नको," एवढंच म्हणाले. लग्न झाल्यापासून घरात पाणी तेच भरत. तुळजापुरात असा नवरा दुसरा नव्हता. शेजारची गजराबाई म्हणायची, "पोरी, नशीब काढलंस बघ. अधू हाताची बायको कोण पदरात घेतंय?"

अनसूयेला ते पटायचं.

त्याच हातानं ती एके काळी भाला फेकायची. निजामी नुकतीच सरली होती. गोपाळकृष्ण मास्तर शाळेत कवायत शिकवत. पुजाऱ्याच्या मुलीच्या हातात वेळूचा भाला त्यांनीच दिला. गावानं नाकं मुरडली, वडिलांनी अबोला धरला, पण मास्तर हटले नाहीत. तिला घेऊन त्यांनी हैदराबाद, मुंबई पालथी घातली. सिलोनच्या सामन्यांत ती देशाकडून उतरली आणि तिसरी आली. परतल्यावर महाद्वारापासून घरापर्यंत हलगी वाजली. वडीलही बोलू लागले. पुढं जपानला जायचं ठरलं.

सरावात एका सकाळी खांद्यातून कळ निघाली. मास्तरांनी तिला सोलापूरला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासून झाल्यावर नर्स तिचा हात झोळीत बांधत होती, तेव्हा डॉक्टर बाहेर मास्तरांशी बोलले.  परतीच्या मोटारीत घाट लागल्यावर मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खांद्याची वाटी झिजलीय. पुन्हा भाला उचललास तर हात लुळा पडेल, म्हणतात."

ती रडली नाही. फक्त परत मैदानावर गेली नाही. जपानला दुसरीच कुणी गेली. भाला वडिलांनी परसात दोडक्याच्या वेलाला लावला.

भाला फेकणारी म्हणून आधीच स्थळं येत नव्हती. आता अधू म्हणून कुणी चौकशीही करेना. अशात एक दिवस मास्तरांनीच मागणी घातली. वडिलांनी त्यांचे हात धरले, डोळ्यांतून पाणी काढलं. गावात मास्तरांचं नाव झालं.

त्यांनी हात फुलासारखा जपला. जड उचलू दिलं नाही, वर नेऊ दिला नाही. तिची वेणीसुद्धा तेच घालत. तरी वर्षामागून वर्ष हात वाळत गेला. दंडावर चोळी ढिली पडू लागली, खांदा जागचा हलेना. डॉक्टरांचं खरंच होतं म्हणायचं, असं तिला वाटे. मास्तर वेळीच सावध झाले, म्हणून निदान हात अंगाला राहिला.

एका नवरात्रात सोलापूरचे ते डॉक्टर सहकुटुंब देवीला आले. बांगड्यांच्या दुकानापाशी तिनंच त्यांना ओळखलं, वाकून नमस्कार केला. डॉक्टरांना आधी आठवेना. भाल्याचं नाव निघाल्यावर त्यांचा चेहरा खुलला. मग नजर तिच्या उजव्या हातावर गेली. त्यांनी तो हातात घेतला, जरा उचलून बघितला. उचलला जाईना.

"हे कशानं झालं, बाई?"

"तुमचं सगळं पाळलं, डॉक्टर," ती म्हणाली. "तेव्हापासून हात हलवला नाही."

डॉक्टरांनी तिचा हात हळूच खाली सोडला.

"अहो, नुसती शीर ताणली होती. महिन्याभरात हिच्या हातात परत भाला द्या, असं मी मास्तरांना बजावून सांगितलं होतं."