गुंतवळ

खारीनं नवी उशीही फाडून कापूस नेला, तेव्हा वृंदाचं डोकं फिरलं. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून खारींनी तिचाच पिच्छा पुरवला होता. स्टुलावर चढून तिनं खिडकीवरच्या पत्र्याखालचं घरटं उचकटून काढलं.

सुतळी, कापूस आणि आत काळेभोर, लांबलचक केस. वृंदाचे तर कुरळे होते, जेमतेम खांद्यापर्यंतचे.

"तिचे आहेत," सासूबाई दारातून म्हणाल्या. नवऱ्याची पहिली बायको गेल्यापासून घरात तिचं नावही कुणी काढत नसे. साड्या, फोटो, फणीसुद्धा ठेवली नव्हती. "गुंतवळ खिडकीच्या गजाला खोचून ठेवायची. कितीदा सांगितलं, केस असे ठेवू नयेत, जीव अडकून राहतो. जाळून टाक ते."

"हो, आई."

केसांच्या उबेत डोळे न उघडलेली दोन पिल्लं झोपली होती. सासूबाई आत गेल्यावर वृंदानं घरटं होतं तिथेच अलगद ठेवलं.

सकाळी तिनं केस विंचरले आणि फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळून गजाला खोचले. आंघोळ करून आली, तर गज रिकामा होता. वर पत्र्याखाली हलकीशी खसफस झाली, कुणीतरी सरकून जागा करून दिल्यासारखी.