सभासदांसाठीच

आचल खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानंच तिनं पिशवीतून चिठ्ठी काढून अरीबाच्या पुढ्यात ठेवली. वेबसाइटवरच्या आपल्या पानाचा अख्खा पत्ता तिनं त्यावर उतरवून आणला होता.

"हा टाकून पाय. नाव, पासवर्ड काहीच नोको टाकू."

राजापेठेतल्या या वधूवर मंडळाच्या कचेरीत अरीबा कामाला होती; वेबसाइटही तिनंच बांधली होती. तिनं पत्ता टाकला. पान उघडलं नाही. आधी लॉगिन करा, असं आलं. आचलनं शेजारच्या कॉम्प्युटरवरही तेच करायला लावलं. तिथंही पान उघडलं नाही.

आचल विधवा होती आणि पुन्हा लग्न करायला निघाली होती. सासरी अजून कोणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर सासूनं तिला जाऊ दिलं असतं, चार वर्षांच्या लेकीला, तनूला नाही. सासूनं हे एकदा चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. म्हणून आज दात काढायचं निमित्त सांगून ती अकोटहून एसटीनं आली होती. तनूलाही आणणार होती, पण स्टँडवर दीर श्यामनं तिच्या कडेवरून पोरीला घेतलं. वहिनी, तुमी आरामात या, म्हणाला. तेव्हा तो तिला भला वाटला होता.

"बाहेरचं कोणीच पाहू शकत नाही, ताई," अरीबा म्हणाली. "फक्त आपले सभासद."

"मंग सभासदायपैकी कोनं कोनं पायलं, ते दाखव."

तसं दाखवायची पद्धत नव्हती. अरीबानं थोडं कां-कू केलं, पण ही बाई हलायची नाही हे ओळखून यादी उघडली.

पाच नावं होती. आचल बोट लावून वाचत गेली आणि चौथ्या नावावर थांबली. श्याम किसनराव, अकोट. काल दुपारी, दोनदा.

दोन वर्षांपूर्वी श्यामचा फॉर्म तिनंच इथं भरला होता. शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देईना, तेव्हा त्यानं तो नाद सोडला असं ती धरून चालली होती. त्याचा पासवर्डही तिनंच ठेवला होता, तनूच्या नावाचा.

आता ती खुर्चीवर बसली. घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर श्यामनं उचलला.

"भाऊजी, तनूले फोन द्या."

"ते आईसंग बाहेरगावी गेली," श्याम म्हणाला. "दात निंगाला का, वहिनी?"