थकलेला सेल

"नवा सेल घाल आणि दाखवून मोकळी हो," भावजी कुजबुजले. "आईला हे एकदा चालताना दिसलं की विषय संपला."

धाकटीने मान वर केली नाही. समोर ताईचा मनगटी पट्टा उघडा पडला होता. बाळ रडलं की तो थरथरायचा, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ताईला कळायचं. आज सकाळी बाळ रडून लालबुंद झालं आणि पट्टा ढिम्म. नेमक्या तेव्हाच ताईच्या सासूबाई, म्हणजे भावजींची आई, दारात. त्यांनी चपला काढायच्या आधीच निकाल दिला: हे आज चाललं तर चाललं, नाहीतर उद्या मुलगा कामासाठी परगावी गेला की बाळ माझ्याकडे.

"नव्या सेलवर तो नेहमीच चालतो, भावजी. सेल जरा उतरला की मरतो. खोड सेलची नाही, ह्याची आहे."

'हा' म्हणजे रेग्युलेटर, नखाएवढा तीन पायांचा तुकडा. सेल भरलेला असो की उतरलेला, पुढे एकसारखी वीज सोडायची, एवढंच त्याचं काम. पण जुना पक्का खादाड. पुढे देण्याआधी व्होल्टभर स्वतःच गिळायचा. नवा चिमूटभरावर भागवणारा होता. दुकानात याहूनही कमी खाणारा एक मिळत होता, पण पट्ट्यातली मोटर फिरली की त्याला धाप लागली असती. तो तिने घेतला नाही.

नव्याच्या पायांचा क्रम मात्र वेगळा. एक चुकला की सगळं जळणार, आणि दुसरा तुकडा जवळ नव्हता. तिने पाय वाकवून जागच्या जागी जुळवले आणि डाग द्यायला तापलेल्या सोल्डर-गनचं टोक टेकवलं.

"हात थरथरतोय तुझा."

"माझा थरथरू दे. पट्टा थरथरला म्हणजे झालं."

मग तिने सकाळचाच उतरलेला सेल आत बसवला. भावजींनी कपाळाला हात लावला. "अगं, आज परीक्षा आहे."

"म्हणूनच."

ताई पट्टा बांधून स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली, पाठ करून. बाकीचे तिघं पाळण्याभोवती बसले. एरवी घर डोक्यावर घेणारं बाळ आज बोळकं पसरून हसत होतं.

"चिमटा काढू?" भावजी म्हणाले.

"हात तर लावून बघ," सासूबाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने बाळाचा ओठ मुडपला. मग त्याने टाहो फोडला. सासूबाई सवयीने उठल्याच. धाकटीने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"थांबा, काकू."

आत नळ चालू होता. दारातून ताईची पाठ दिसत होती, तशीच. रडणं चढलं. सासूबाईंचा हात तिच्या मुठीत ओढ घेत होता. भावजी डोळे मिटून बसले.

नळ बंद झाला.

ताई ओले हात झटकत आली, तिघांच्या मधून वाट काढत वाकली आणि बाळाला खांद्यावर घेतलं. पट्टा बाळाच्या पाठीवर गुरगुरत राहिला. बाळ मुसमुसलं, गप्प झालं, आणि मागोमाग पट्टाही.

ताईने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मोकळ्या हाताने भराभर खुणा केल्या. त्या वाचायला कोणालाच वेळ लागला नाही.

"पोर एवढं रडतंय, आणि बसलात काय नुसते?"