टाळू

देवळाली प्रवराच्या दयानं शनिवारी दुपारी लेकीच्या डोक्याला तेल लावायला घेतलं आणि तिचं बोट माथ्यावर मऊ जागी रुतलं. तान्ह्या बाळाची उडते तशी तिथं टाळू उडत होती. एस्तेरला सातवं वर्ष सरलं होतं.

नवरा म्हणाला, "तुला भास हुतोय." सासूनं तर हातच लावला नाही. दया मात्र पोरीला घेऊन राहुरीच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरनं जीभ पाहिली, छाती तपासली आणि टॉनिक लिहायला घेतलं. "या वयात कुठली टाळू, बाई? ती कधीच भरून येते."

"मला बी ठावं हाय. पर आई हाय मी तिची. एकदा हात लावून बघा."

नाइलाजानं त्यानं केसांत बोटं घातली. ती तिथंच थांबली. मग त्यानं चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"कधीपासून आहे हे?" त्यानं विचारलं.

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर चार बाया आपापली शाळेच्या वयाची पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एकीनं हळूच पोराच्या डोक्यावरची टोपी काढली. मग बाकीच्या तिघींनीही काढली.