अकरा पाडे समुद्रात

गंगापूर रोडवरच्या ऑफिसात मोहिनीने सुरगाण्याकडच्या अकरा पाड्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवली आणि कपाळावर हात मारला. नळयोजनेचा नकाशा संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. जो पाडा नकाशात नाही, त्याला नळ नाही. आणि इथे तर अकराच्या अकरा पाडे नॉर्वेच्याही वर, भर समुद्रात जाऊन पडले होते!

अर्धा दिवस तिने सॉफ्टवेअरची सगळी सेटिंग्ज उलटीपालटी करून पाहिली. शेवटी पाड्यापाड्यांत पायी फिरून मोबाईलवरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वहीत उतरवून आणणाऱ्या देवरामला तिने फोन लावला.

"देवरामदादा, पहिल्या रकान्यात कोणता आकडा लिहिलाय तुम्ही?"

"पूर्वेचा. चांगल्या कामाला उगवतीकडूनच सुरुवात करायची ना, ताई!"

"अहो, या सॉफ्टवेअरला आधी उत्तरेचा आकडा लागतो!"

हसावं की रडावं, मोहिनीला कळेना. तिने दोन्ही रकान्यांची अदलाबदल केली, तसे अकराही पाडे टुणकन उडी मारून सुरगाण्याच्या डोंगरात आपापल्या जागी येऊन बसले. तिचा जीव भांड्यात पडला.

"सकाळपासून तुमचे सगळे पाडे समुद्रात होते, दादा," ती फोनवरच म्हणाली. "आत्ता काढले बघा बाहेर."





"एवढी घाई कशाला केली, ताई? बायांना हंडे तरी भरून घेऊ द्यायचे!"